अनमोडचा घाट आणि देवाचे रान

बेळगावाहून खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत अनमोडचा घाट उतरून कुलदेवतेच्या दर्शनास फोंड्याकडे जाणारे आम्ही सारे या रस्त्याचे ऋणी आहोत. श्रावणात येथे धुके इतके खाली येते की पुढच्या गाडीचा तांबडा दिवा तेवढा दिसावा, आणि ओल्या पाल्याचा वास मंगेशीपर्यंत सोबत यावा. परंतु ही वाट भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या रानातून जाते. तेथे आम्ही पाहुणे आहोत, याचा आम्हांस विसर पडला आहे.

‘घाट चौपदरी व्हावा, पंधरा-वीस मिनिटे वाचतील’ हे आमच्याच सभामंडपांत ऐकू येते. वाचलेल्या मिनिटांचे काय करावयाचे, ते कोणी सांगत नाही. (बहुधा फोंड्याच्या गर्दीत ती पुन्हा घालवावयाची!)

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कलमे 29 व 35(6) वाचावीत. तेथील वन्यजीवांच्याच सुधारणेस व सुव्यवस्थेस आवश्यक असल्यावाचून त्यांच्या अधिवासाचा नाश करण्यास परवाना देता येत नाही. चौपदरी डांबराने गव्याची कोणती सुव्यवस्था होते, हे एखाद्या विद्वान बंधूने आम्हांस समजावून द्यावे. याच रानातील कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणास मिळालेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी रद्द केली. रुळास जो न्याय, तो डांबरास का नसावा?

व्यापार बुडेल, हा आक्षेप ठरलेलाच. कर्नाटकातल्या बंदीपूर राष्ट्रीय उद्यानातून जाणारे महामार्ग 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा सर्वसाधारण वाहनांस बंद असतात. म्हणून म्हैसूर वा उटी ओस पडलेली नाही.

आणि आम्ही तर देवराईतली वाळकी काटकीही न उचलणाऱ्यांचे वंशज! 1560 साली श्रीमंगेश कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळास आला, तो झाडीच्याच आश्रयास. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेवालय आज उभे आहे, ते याच अभयारण्यातल्या दुर्गम जागेमुळे, असे जाणते मानतात. ज्या अडचणीने आमचे देव राखले, तीच आता आम्हांस अडचण वाटू लागली आहे.

येत्या जत्रेपूर्वी देवस्थान समित्यांनी अनमोड घाटात रात्रीच्या वाहतूकबंदीची मागणी करणारा ठराव संमत करावा. मसुदा आम्ही विनामूल्य लिहून देऊ.