रात्रीचा प्रवास आणि पुढील दिव्याचा बल्ब

शेतीचा कारभार सूर्यास्ताबरोबर थांबत नाही. कृषिपंपांना अनेक गावी रात्रीच्या पाळीत वीज मिळत आली असल्यामुळे पिकाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला अंधारातच शिवार गाठावे लागते. भाजीपाला पहाटेच्या बाजारात पोचवावयाचा तर गाडी मध्यरात्रीनंतर हलवावी लागते. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची व बैलगाड्यांची रीघ कारखान्याच्या वाटेवर रात्रभर चालू राहते. या सर्व कामांत माणसांचे व जनावरांचे प्राण मोटारसायकल, जीप, टेम्पो वा ट्रॅक्टर यांच्या पुढील दिव्यावर अवलंबून असतात. असे असूनही त्या दिव्यातील बल्ब गेला म्हणजे नवा बल्ब निवडताना जितका विचार व्हावयास हवा तितका होत नाही. बियाणे घेताना पिशवीवरील लेबल व मुदत तपासून पाहणारा शेतकरी बल्ब घेताना मात्र “सर्वांत जास्त उजेडाचा द्या” एवढेच सांगून मोकळा होतो.

ही मागणी समजण्यासारखी आहे. खेड्यातील रस्त्यावर खांबांचे दिवे नसतात, खड्डे मात्र असतात, आणि वळणावर गुरे बसलेली असतात. अधिक उजेड हवा ही गरज खोटी नाही. परंतु अधिक तीव्र बल्ब बसविल्याने अधिक दिसते ही समजूत खरी नाही. दिवा ज्या बल्बसाठी घडविला गेला तोच बल्ब त्यात असावा आणि तो पूर्ण दाबाने व योग्य दिशेने जळावा, यातच चालकाचे व समोरून येणाऱ्याचे हित आहे.

दिव्याची रचना

पुढील दिवा म्हणजे केवळ काचेत ठेवलेला बल्ब नव्हे. बल्बमधील तार, तिच्यामागील चकचकीत परावर्तक म्हणजे रिफ्लेक्टर आणि पुढील काच या तिन्हींचे नाते ठरलेले असते. जीप, मोटारी व अनेक ट्रॅक्टर यांमध्ये वापरला जाणारा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब पाहिला, तर त्यात दोन तारा आढळतात. एक दूरच्या झोतासाठी व दुसरी डिपरसाठी असते. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक लहान वाटी बसविलेली असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच उजळतो व तो प्रकाश रस्त्यावर खाली टाकतो. झोताची वरची कडा स्पष्ट तुटलेली दिसते ती या वाटीमुळे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून हा झोत डाव्या कडेकडे थोडा अधिक लांब टाकलेला असतो. बैलगाडी, सायकलस्वार व पायी चालणारा मनुष्य याच कडेला असतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. तार आपल्या जागेपासून थोडी जरी सरकली, तरी सारा झोत बिघडतो. म्हणून बल्ब खोबणीत नीट न बसल्यास तो दाबून, ठोकून किंवा कानशीने त्याचे कान घासून बसविणे हा दिव्याचा नाश करण्याचाच मार्ग होय. अनेक मोटारसायकलींत एचएस-१ जातीचा १२ व्होल्ट, ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. दिसावयास तो एच-४ सारखाच असल्यामुळे त्याच्या जागी ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब घुसविण्याचा प्रकार गावोगाव चालतो. लहान दिव्यातील प्लॅस्टिकचा परावर्तक ही उष्णता सोसत नाही. तो काळवंडतो, आणि मग कोणताही बल्ब लावला तरी उजेड पडत नाही.

अधिक वॅटचा मोह

बल्बवर ‘१२ व्होल्ट, ६०/५५ वॅट’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा दूरच्या झोताचा व दुसरा डिपरचा होय. ६० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो; दोन दिव्यांचे १० अँपिअर होतात. त्यांच्या जागी १०० वॅटचे बल्ब लावले, तर हाच प्रवाह साडेसोळा अँपिअरच्या वर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सुमारे पावणेतीन पट होते. मूळ वायरिंग, स्विच व होल्डर या भारासाठी केलेले नसतात. होल्डर वितळणे व फ्यूज वारंवार जाणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते. फ्यूज जातो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळणे तर वाहनाला आग लावण्याची तयारीच होय.

काही जुन्या मोटारसायकलींत पुढील दिव्याला बॅटरीतून वीज न मिळता इंजिनावरील जनित्रातून थेट मिळते. गाडीचा वेग कमी झाला की उजेड मंदावतो, ही तिची खूण. अशा गाडीत मोठा बल्ब लावला तर जनित्र त्याला पुरे पडत नाही, आणि अधिक उजेडासाठी आणलेला बल्ब आधीच्या बल्बपेक्षाही मंद जळतो.

निळसर बल्बांचेही तसेच आहे. काचेवर निळा लेप दिला म्हणजे प्रकाश पांढरा भासतो. परंतु तो लेप काही प्रकाश गाळून टाकीत असल्यामुळे रस्त्यावर पडणारा उजेड कमीच होतो. पावसात व धुक्यात अशा पांढऱ्या प्रकाशाची चकाकी चालकाच्याच डोळ्यांवर उलटून येते.

एलईडीचा प्रश्न

अलीकडे जुन्या दिव्यात बसणारे एलईडी बल्ब बाजारात आले आहेत. त्यांच्या बाजूने सांगितले जाणारे काही खोटे नाही. ते वीज कमी घेतात, बॅटरीवर भार पडू देत नाहीत आणि चांगल्या प्रतीचे असल्यास पुष्कळ टिकतात. कारखान्यातूनच एलईडी दिवा बसवून आलेल्या वाहनाला तर काहीच आक्षेप नाही. कारण तेथे परावर्तक व काच याच प्रकाशासाठी घडविलेली असतात. आक्षेप आहे तो हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब खोवण्याला. हॅलोजनची तार चोहोबाजूंनी प्रकाश देते. एलईडीच्या सपाट चकत्या दोन बाजूंनी देतात. हा प्रकाश परावर्तकाच्या हिशेबात बसत नाही. गाडीसमोर चार-पाच मीटरवर लखलखाट होतो, चालकाला समाधान वाटते; पण दूरवर उजेड पोचत नाही आणि झोताची तुटलेली कडा नाहीशी होऊन उरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळच्या लखलखाटाने डोळ्यांची बाहुली लहान होते, आणि पुढच्या काळोखातील बैलगाडी अधिकच दिसेनाशी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो येथे दिव्यापुढे पडतो.

समोरच्याचे डोळे

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर तोडते. समोरच्या दिव्याने चालकाचे डोळे दोन सेकंद दिपले, तर ती २८ मीटर जवळजवळ आंधळी धावते. तेवढ्या अंतरात ऊसतोडणी मजुरांची गाडी असू शकते, कारखान्याच्या काट्यासमोर थांबलेली ट्रॉली असू शकते, किंवा कडेने चालणारी वारकऱ्यांची दिंडी असू शकते.

“समोरचा डिपर देत नाही, म्हणून आपणही मोठा बल्ब लावला,” असे उत्तर अनेक चालक देतात. या उत्तरात राग आहे, उपाय नाही. दोन्ही चालकांचे डोळे दिपल्याने रस्ता कोणालाच दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाप्रमाणे पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळविता यावा, आणि ८ मीटरवर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये, अशी अपेक्षा आहे. दीड मीटर म्हणजे सामान्यतः पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. हा नियम दंडाच्या भीतीने नव्हे, तर शेजारधर्म म्हणून पाळला गेला पाहिजे. कारण रात्रीच्या वाटेवर समोरून येणारा पुष्कळदा आपल्याच गावचा असतो. ट्रॅक्टरच्या मागील बाजूचा शेतकामाचा पांढरा दिवा रस्त्यावर येताच बंद करणे हाही याच शेजारधर्माचा भाग होय.

मंद उजेडाची खरी कारणे

उजेड कमी पडतो अशी तक्रार असल्यास दोष बल्बचाच आहे असे धरून चालू नये. बल्बपाशी पोचणारा विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. गंजलेले अर्थिंग, सैल होल्डर व झिजलेला स्विच यांमुळे एवढा दाब सहज नाहीसा होतो. दिवा चालू ठेवून बॅटरीपाशी व बल्बच्या होल्डरपाशी मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला तर बल्ब बदलण्यापूर्वी तारा, जोड व अर्थिंग साफ करावे. काचेवरील धूळ व वाळलेला चिखल धुवावा. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती घासून स्वच्छ करावी अथवा बदलावी. परावर्तकाची चकाकी गेली असेल तर संपूर्ण दिवाच बदलणे भाग आहे.

याउलट बल्ब वारंवार जात असतील, तर दाब प्रमाणाबाहेर वाढला असण्याचा संभव असतो. दाब पाच टक्क्यांनी वाढला तरी बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. अशा वेळी मेकॅनिककडून चार्जिंगचा रेग्युलेटर तपासून घ्यावा.

खरेदी व बसवणी

जुना बल्ब दुकानात बरोबर न्यावा. त्याची जात, व्होल्ट व वॅट हे तिन्ही आकडे नव्या बल्बशी जुळवून पाहावेत. मोटारसायकल, जीप व ट्रॅक्टर यांना बहुधा १२ व्होल्टचा, तर मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा बल्ब लागतो. जुन्या गाड्यांत क्वचित ६ व्होल्टचाही असतो. ज्यावर उत्पादकाचे नाव व आकडे स्पष्ट नाहीत असा बल्ब स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोन दिव्यांच्या वाहनात एक बल्ब जुना होऊन गेला असेल, तर दुसराही त्याच वयाचा असतो. दोन्ही एकदम बदलणे हिताचे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो व दिवसाही जळतो, त्यामुळे त्यातील बल्ब लवकर झिजतो. एक जादा बल्ब गाडीत जवळ असावा.

बसविताना हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर डाग धरते व बल्ब अकाली फुटतो. स्वच्छ कोरड्या फडक्याने किंवा कागदाने धरून, तोही दिवा थंड झाल्यावर, बसवावा. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून कोरडा करावा.

यानंतर झोत जुळवावा. सपाट जागी, चाकांत योग्य हवा भरून, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरच्या झोताची वरची कडा त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वाहनाच्या पुस्तिकेत निराळे माप असेल तर ते प्रमाण मानावे. ही तपासणी नेहमीचा भार ठेवूनच करावी. मागे दोन पोती लादल्यामुळे मोटारसायकलची मागची बाजू अडीच सेंटिमीटर खचली, तर १० मीटरवरचा झोत जवळजवळ २० सेंटिमीटर वर चढतो, आणि निर्दोष बल्बही समोरच्याला दिपवू लागतो.

गावात करता येण्याजोगे काम

या कामाला मोठा खर्च नाही. एक मोजपट्टी, खडू, साधा मीटर व गावचा जाणता मेकॅनिक एवढे पुरे. खंडेनवमीला शेतकरी अवजारे व वाहने धुऊन त्यांची पूजा करतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाळपाचा हंगाम उभा राहतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या सुमारास एखाद्या संध्याकाळी शाळेच्या किंवा सोसायटीच्या भिंतीसमोर गावातील वाहने बोलावून दिवे तपासून द्यावेत, त्याच वेळी ट्रॉल्यांच्या व बैलगाड्यांच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या आहेत की नाहीत हेही पाहावे. ज्याने भलता बल्ब बसविला असेल त्याला दटावण्यापेक्षा त्याच्याच गाडीसमोर आठ मीटरवर उभे करून दिवा लावून दाखवावा. स्वतःचे डोळे दिपल्यानंतर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

पिकाला पाणी किती दिले यापेक्षा ते मुळाशी पोचले की नाही याला महत्त्व असते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. उजेडाचेही तसेच आहे. तो वाटेवर पडला पाहिजे. तेवढा हिशेब बल्ब घेताना ध्यानी ठेवला, तर पाणी देऊन परतणारा शेतकरी व बैलगाडी हाकणारा ऊसतोड मजूर हे दोघेही रात्रीच्या वाटेने सुखरूप घरी पोचतील.