परक्या मापाने मोजलेली माणसे

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लायबेरिया या देशाचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा एका जहाजापासून आरंभ करतो. अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी नामक संस्थेने दास्यमुक्त व स्वतंत्र कृष्णवर्णीयांना घेऊन ‘एलिझाबेथ’ हे जहाज १८२० साली धाडले, १८२२ साली केप मेसुराडो येथे वसाहत उभी राहिली, २६ जुलै १८४७ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा होऊन जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स हे पहिले अध्यक्ष झाले, आणि अशा रीतीने आफ्रिका खंडातील पहिले प्रजासत्ताक उदयास आले, हा तो सर्वपरिचित वृत्तान्त होय. त्या मुलखात आधीपासून नांदणारे क्पेले, बासा, ग्रेबो, क्रू, लोमा, मानो, ग्यो, गोला, वाई, किसी, क्राहन इत्यादी जे लोक होते, त्यांना या वृत्तान्तात एखादा परिच्छेद मिळतो. आणि तोही बहुधा अरण्ये, नद्या व पर्जन्यमान यांच्या वर्णनाला लागून!

या मौनामागे एक पूर्वपक्ष दडलेला आहे. तो क्वचितच कोणी उघडपणे मांडतो, परंतु गृहीत मात्र पुष्कळजण धरतात, म्हणून खंडनापूर्वी तो नीट मांडून घेणे न्याय्य होईल. या लोकांपाशी कायदा नव्हता, नायकाची लहर हाच कायदा होता. त्यांना हिशेब येत नव्हता. त्यांच्यापाशी अक्षर नव्हते. आणि प्रत्यक्ष डोळ्यांसमोरच्या वस्तूपलीकडे जाऊन विचार करण्याची शक्तीही त्यांच्या ठायी बेताचीच होती. राज्य, न्याय व विद्या या गोष्टी समुद्रमार्गाने आल्या. आणि १९८९ नंतर तेथे जो रक्तपात झाला, तो त्या जुन्या रानटीपणाचाच पुनःप्रादुर्भाव होता. या पूर्वपक्षाचा दोष असा नव्हे की, तो सर्वस्वी कल्पित गोष्टींवर उभा आहे. त्याने पुढे केलेला काही पुरावा अस्सल आहे. दोष आहे तो मापाचा. जे माप वापरून ही माणसे उणी ठरविली, ते माप कोणी आणले, आणि ते बदलताच निकाल कसा फिरला, एवढेच दाखविणे प्रस्तुत लेखकास अभिप्रेत आहे.

राज्यापासूनच आरंभ करू. केप मेसुराडोची भूमी डिसेंबर १८२१ मध्ये ‘खरेदी’ करण्यात आली, असे दप्तर सांगते. ही खरेदी कशी झाली? अमेरिकन आरमाराचा अधिकारी रॉबर्ट स्टॉकटन आणि सोसायटीचा प्रतिनिधी एली आयर्स हे दोघे तेथील राजांशी वाटाघाटी करीत होते. राजे, विशेषतः ज्याला परके लोक ‘किंग पीटर’ म्हणत तो, जमीन देण्यास नाखूष होते. तेव्हा स्टॉकटनने पिस्तूल उपसले व मग तहनाम्यावर निशाण्या झाल्या. मोबदल्यात बंदुका, दारूगोळा, तंबाखू, मणी, छत्र्या व तत्सम तीनएकशे डॉलरांहूनही कमी किमतीचा माल देण्यात आला. ज्या समाजात जमीन ही विकावयाची वस्तूच नव्हती, परक्याला ती कसावयास द्यावी पण तिच्यावरील कुळाचा हक्क नष्ट होऊ नये अशी रीत होती, तेथे या खरेदीखताचा अर्थ दोन्ही पक्षांनी एकच घेतला असेल, हे कोणत्याही मुनसफाला पटणार नाही.

या ठिकाणी वसाहतवाल्यांवर अन्याय होऊ नये. १८२० ते १८६७ या काळात अमेरिकेतून आलेल्या बारा-तेरा हजार माणसांपैकी कित्येकांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते. तापाने त्यांतील फार मोठा वाटा गिळला. आणि जेथे ते परत आले, तो देश त्यांच्या पूर्वजांचा म्हटला तरी त्यांना तो परकाच होता. परंतु दास्यातून सुटलेला मनुष्य दुसऱ्याला दास करणार नाही, ही आशा इतिहासाने कोठेच फारशी पाळलेली नाही. १८४७ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘आम्ही’ या शब्दात फक्त अमेरिकेहून आलेले लोक येत होते. मूळ रहिवाशांना नागरिक मानण्यास १९०४ साल उजाडावे लागले. मताचा हक्क मिळावयास आणखी चार दशके गेली, आणि तोही झोपडीपट्टी, म्हणजे दर झोपडीमागे बसविलेला सारा, भरणाऱ्यालाच. साऱ्याची वसुली मात्र मताची वाट पाहत थांबली नव्हती! १९३० साली राष्ट्रसंघाने नेमलेल्या चौकशी समितीने दाखवून दिले की, फर्नांडो पो या स्पॅनिश बेटावरील मळ्यांकरिता अंतर्भागातून माणसे जबरीने नेली जात आणि या व्यवहारात खुद्द उपाध्यक्ष अ‍ॅलन यान्सी यांचा हात होता. अध्यक्ष चार्ल्स किंग व यान्सी या दोघांनाही राजीनामा द्यावा लागला. लायबेरिया ही कोणाचीच वसाहत नव्हती, हे विधान युरोपीय सत्तांपुरतेच खरे आहे. क्पेले शेतकऱ्याला विचारले असते, तर त्याने निराळे उत्तर दिले असते.

आता बुद्धीचा प्रश्न. येथे क्पेले लोकांचे नाव जगाच्या विद्यापीठीय चर्चेत जेवढे आले, तेवढे आफ्रिकेतील फार थोड्या जमातींचे आले असेल. देशाच्या लोकसंख्येत सुमारे पंचमांश असलेले हे लोक मुख्यतः बाँग काउंटीत व भोवतालच्या प्रदेशात राहतात. सरहद्दीपलीकडे गिनी देशातही त्यांची मोठी वस्ती असून तेथे त्यांना गेर्झे म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात त्यांची मुले शाळेत गणितात वारंवार नापास होत, पाठ केलेली उत्तरे घोकून सांगत, भूमितीची आकृती किंचित फिरविली की गोंधळत. या अपयशाचे कारण शोधण्याच्या हेतूने सुआकोको येथील कटिंग्टन महाविद्यालयातील अध्यापक जॉन गे व मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल यांनी जे संशोधन केले, ते १९६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पूर्वपक्षाला आवडेल अशी सामग्री त्या संशोधनात व त्यामागून आलेल्या अभ्यासात खचितच आहे. एका क्पेले वृद्धाला विचारण्यात आले: फ्लुमो आणि याक्पालो नेहमी बरोबरच उसाची दारू पितात, आज फ्लुमो पीत आहे, तर याक्पालो पीत असेल काय? वृद्धाने सांगितले की, फ्लुमो पीत होता त्या दिवशी याक्पालो शेतावर गेला होता. न्यायशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला शून्य गुण.

परंतु याच संशोधकांनी मापही बदलून पाहिले. भांड्यात तांदूळ ठेवून त्यात किती ‘कोपी’, म्हणजे पेले, तांदूळ असतील असा अंदाज करावयास सांगितले, तेव्हा अक्षरशत्रू क्पेले प्रौढ अमेरिकेहून आलेल्या सुशिक्षित स्वयंसेवकांपेक्षा कितीतरी अचूक ठरले. यात नवल ते काय? तांदूळ हेच त्यांचे अन्न, तांदूळ हीच त्यांची देवघेव. बाजारात पेल्याने घ्यावयाचे, डब्याने साठवायचे, पोत्याने विकावयाचे, आणि पेला, डबा व पोते यांचे परस्परप्रमाण ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक. उलट लांबी मोजण्याच्या बाबतीत, जेथे वीत, हात व बाव ही मापे त्यांच्या व्यवहारात एकमेकांत बदलून घेण्याची गरज नव्हती, तेथे त्यांचे अंदाज तितके पक्के निघाले नाहीत. म्हणजे कमतरता बुद्धीत नव्हती. सराव जेथे होता तेथे कौशल्य होते, जेथे नव्हता तेथे नव्हते. आणि हा नियम अमेरिकन स्वयंसेवकांनाही तांदळाच्या भांड्यापुढे तितकाच लागू पडला. हीच गोष्ट स्मरणाचीही. सुट्या शब्दांची यादी आठवावयास सांगितली की क्पेले माणसाची कामगिरी फिकी. तेच शब्द एखाद्या कथेत गुंफून दिले की ते कथेच्या क्रमाने व प्रसंगाच्या जुळणीने आठवत.

यापुढचा प्रसंग तर पूर्वपक्षाने कायमचा ध्यानात ठेवावा असा आहे. जोसेफ ग्लिक या संशोधकाने वीस वस्तू मांडून त्यांचे गट करावयास सांगितले. अपेक्षा अशी की अन्न, वस्त्रे, अवजारे व स्वयंपाकाची भांडी असे चार वर्ग पडावेत. क्पेले माणसांनी सुरी व जिला ती चिरते ती वस्तू एकत्र ठेवली, आणि शहाणा मनुष्य असेच करील, असे वर सांगितले. अखेर परीक्षकाने कंटाळून विचारले की, मूर्ख मनुष्य हे कसे करील? तत्काळ चार वर्ग पडले, अगदी परीक्षकाला हवे तसे. वर्गीकरण त्यांना येत होते. ते शहाणपणाचे लक्षण आहे, हे त्यांना मान्य नव्हते. या मताशी वाद घालता येईल, परंतु ज्याला मत आहे त्याच्या ठायी विचारशक्ती नाही, असे म्हणण्यास मात्र जागा उरत नाही. शाळेत काही वर्षे घालविलेल्या क्पेले मुलांची उत्तरे परीक्षकाच्या मापाकडे वळत, हेही खरे आहे. शाळा शाळेच्या कसोटीस उतरावयास शिकविते. शाळेचे माहात्म्य एवढे मान्य करण्यास हरकत नाही.

कायद्याविषयी एवढाच विस्तार नको, तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६३ साली जेम्स गिब्ज या मानववंशशास्त्रज्ञाने क्पेले लोकांच्या घरगुती पंचायतीचे वर्णन प्रसिद्ध केले. नवराबायकोचा, भाऊबंदांचा वा शेजाऱ्यांचा कज्जा असला, तर फिर्यादीच्या घरी आप्तस्वकीय व शेजारी जमतात, आरंभी वडीलधारा आशीर्वाद देतो, मग फिर्यादी व प्रतिवादी बोलतात व कोणीही प्रश्न विचारू शकतो. मध्येच बोलणाऱ्याला लहानसा दंड होतो. निर्णय मध्यस्थ देतो असे दिसले, तरी जमलेल्यांचे जे मत बनले तेच तो बोलून दाखवितो. दोष बहुधा दोघांनाही वाटून दिला जातो. ज्याच्याकडे अधिक दोष तो नजराण्यादाखल लहानशी भेट देऊन क्षमा मागतो, दुसरा त्याहूनही लहान भेट परत देतो आणि सर्वांनी मिळून पेय घेतल्यावर सभा उठते. याशिवाय नायकाची रीतसर कचेरीही होतीच, तेथे हुकूम चालत असे. परंतु ज्यांना पुढेही एकाच अंगणात राहावयाचे आहे त्यांच्या तंट्यास हुकुमाने शांती येत नाही, हे ओळखून त्यांनी दोन निराळी न्यायस्थाने ठेविली होती. ज्यांच्यापाशी कायदा नव्हता, त्यांच्यापाशी तो दोन प्रकारचा निघाला!

अक्षराची कथाही अशीच. वाई लोकांतील मोमोलू दुवालू बुकेले याने १८३० नंतरच्या दशकात आपल्या भाषेसाठी अक्षरमाला रचली. तिच्यात लोक पत्रे लिहीत, हिशेब ठेवीत, आणि ती शाळेत न जाता घरी एकमेकांकडून शिकत. पुढे लोमा, बासा व क्पेले यांनीही आपापल्या लिप्या घडविल्या; क्पेले लिपी सानोये येथील नायक ग्बिली याची, १९३० नंतरच्या दशकातली. सिल्विया स्क्रिब्नर व कोल यांनी वाई साक्षरांचा दीर्घ अभ्यास करून १९८१ साली दाखविले की, लिहिता येऊ लागल्याने मनुष्याची सगळी बुद्धीच पालटते, हा सिद्धान्त टिकत नाही; ज्या लिपीचा जसा उपयोग करावा, तशी विशिष्ट कौशल्ये येतात. अर्थात अक्षर हे संस्कृतीचे एकमेव प्रमाणपत्र मानणाऱ्यांचा दोन्हीकडून निरुपाय झाला: या लोकांपाशी अक्षर होते, आणि नसते तरी त्यावरून काही सिद्ध झाले नसते.

आता पूर्वपक्षाच्या विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या स्तुतिपाठकांचाही समाचार घेणे भाग आहे, कारण तेही परकेच माप वापरतात. केवळ खूण ‘उणे’च्या जागी ‘अधिक’ करतात. किनाऱ्यावरील नायकांनी गोऱ्या व्यापाऱ्यांना माणसे विकली आणि पुष्कळ संपत्ती मिळविली. पोरो ही पुरुषांची व सांदे ही स्त्रियांची गुप्त संस्था तरुणांना अरण्यातील शाळेत शेती, औषधी, शिष्टाचार व आज्ञापालन शिकवीत, गावागावांतील कलहही शमवीत. पण त्याच पोरोच्या भयाने वृद्ध पुरुषांची सत्ता निर्वेध राहत असे आणि त्याच सांदेत मुलींच्या देहावर जी शस्त्रक्रिया होई व अजूनही कोठेकोठे होते, तिचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येणार नाही. विषारी साल पाजून अपराध ठरविण्याची पद्धतही याच मुलखातली. ज्यांनी तांदळाचे माप अचूक सांगितले त्यांचेच हे दिव्य होते. मनुष्यसमाज असा संमिश्रच असतो, आणि संमिश्रपणाचा अधिकार फक्त युरोपला बहाल करण्याचे कारण नाही.

राहिला रक्तपाताचा मुद्दा. १२ एप्रिल १९८० रोजी सॅम्युअल डो या क्राहन शिपायाने सत्ता बळकाविली, अध्यक्ष विल्यम टॉलबर्ट मारले गेले, आणि शतकाहून अधिक काळ एकाच पक्षाच्या हाती असलेला कारभार संपला. १९८९ पासून १९९७ पर्यंत आणि पुन्हा १९९९ पासून २००३ पर्यंत जे युद्ध झाले, त्यात क्राहन, ग्यो, मानो, मांदिंगो ही नावे शत्रुत्वाची नावे झाली, यात संशय नाही. परंतु ते वैर पुरातन होते, असे मानण्यास आधार कोठे आहे? डो यांनी आपल्या जमातीला फौजेत व दरबारात वर चढविले आणि १९८५ च्या फसलेल्या बंडानंतर ग्यो व मानो यांच्यावर फौज सोडली. त्या सुडाच्या आगीत बंडखोरांचे पुढारी चार्ल्स टेलर यांनी तेल ओतले. सर्व सनदा, नोकऱ्या व मक्ते राजधानी मनरोव्हियातूनच मिळावयाचे अशी व्यवस्था ज्या राज्याने शतकभर घडविली, त्या राज्याची गादी हस्तगत करण्यासाठी हे युद्ध झाले. अरण्यातील नव्हे, कचेरीतील संपत्तीचा हा झगडा होता. आणि ती कचेरी कोणी बांधली, हे वर सांगितलेच आहे.

या साऱ्या वादाचा सर्वांत कठीण भाग अजून जमिनीपाशीच अडलेला आहे. १९२६ साली सरकारने फायरस्टोन कंपनीला दहा लाख एकरांपर्यंत भूमी, एकरी सहा सेंट दराने, ९९ वर्षांच्या कराराने रबराच्या मळ्यांसाठी देऊ केली. तीवर कोणाची गावे, कोणाची पडीक राने व कोणाच्या पूर्वजांची थडगी होती, याची रुजवात घेण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण कागद कोणापाशीच नव्हता. २०१८ च्या भूमिहक्क कायद्याने प्रथमच असे ठरविले की, एखाद्या समाजाची परंपरागत भूमी, तिचे खत नसले तरी, त्या समाजाचीच आहे. मात्र जुन्या मक्त्यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. समाजाने आपली हद्द शेजाऱ्यांशी बोलून ठरवावयाची, नियम करावयाचे, मोजणी करून घ्यावयाची आणि व्यवस्थापनासाठी जी समिती नेमावयाची तिच्यात पुरुष, स्त्रिया व तरुण यांना समान जागा द्यावयाच्या. मोजणीचे काम सावकाश चालले आहे, अंमलदार थोडे आहेत, आणि समितीतील स्त्रियांच्या जागांबद्दल गावोगावच्या वृद्धांची समजूत काढावी लागत आहे.