पेशंट म्हणजे आकडा नव्हे म्हणे!

"पेशंट म्हणजे आकडा नव्हे रे, त्याचं इन्सुलिन काय कॉम्प्युटरने ठरवायचं?" परवा एक डॉक्टर मित्र तावातावाने म्हणाला. वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण आज पुष्कळ आयसीयूंत असतो तो एक छापील तक्ता: साखर इतकी ते इतकी, तर पंपावर ताशी इतकी युनिट. पन्नास किलोच्या आजीबाईंना तेच, नव्वद किलोच्या गड्यालाही तेच. मग आकडा कोण समजतंय?

आमच्या काकूंना स्कॅनला नेताना नळीतलं फीड थांबवलं, इन्सुलिन चालूच राहिलं. परतल्या तेव्हा साखर ३८. बेशुद्ध माणूस "घेरी येतेय" असंही सांगू शकत नाही. मी सिस्टरला दोष देत नाही, तिच्याकडे तीन पेशंट होते. फीड थांबल्याचं तक्त्याला कळतच नाही!

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला जेफ्री चेस आणि मंडळींनी नेमकं हेच हिशेबात धरलं. त्यांची 'स्प्रिंट' पद्धत म्हणजे चक्क फिरवायच्या चकत्या, पण त्या इन्सुलिन आणि फीड दोन्ही सांगत. पुढे आलेली 'स्टार' कॉम्प्युटरवर चालते. या शरीरावर इन्सुलिन सध्या किती चालतंय हे ती मोजमापांवरून काढते, पुढच्या एक ते तीन तासांत ते किती बदलू शकेल याचा अंदाज बांधते आणि साखर फार खाली जाण्याचा धोका पाच टक्क्यांच्या आत राहील असा डोस सुचवते. देणारी सिस्टरच.

मित्राने २००९ ची नाइस-शुगर चाचणी काढली. ६१०४ रुग्ण, साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवायला गेले, मृत्यू वाढले; साखर ४० किंवा त्याखाली गेलेले ६.८ टक्के, दुसऱ्या गटात ०.५. मान्य. २०२३ ची बेल्जियमची चाचणीही मान्य: ९२३० रुग्ण, ८० ते ११० चं लक्ष्य, डोस कॉम्प्युटरने काढलेला. साखर धोकादायक उतरली फक्त १ टक्का रुग्णांत, सैल गटात ०.७. पण मृत्यू कमी झाले नाहीत, आयसीयूतले दिवसही नाहीत.

म्हणून तर मी ८०-११० मागतच नाहीये! १८० च्या आत ठेवायची म्हटलं तरी इन्सुलिन लागतंच, फीड तेव्हाही मध्येच थांबतं. तेवढ्यासाठी मागतोय.

मित्राचं उत्तर, "क्लिनिकल जजमेंट." रात्री तीन वाजता? तीन पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टरकडून?