कर्कवृत्ताच्या उत्तरेची मैत्री

२०२५ च्या जून महिन्यात ‘नाटो’च्या शिखर परिषदेसाठी द हेगकडे निघालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विमानात एक साधा प्रश्न विचारला. कराराच्या पाचव्या कलमाला अमेरिका बांधील आहे काय? या कलमाचे अर्थ अनेक लावता येतात, अशा आशयाचे उत्तर डोनाल्ड ट्रम्प यांनी दिले आणि युरोपच्या राजधान्यांत एकच खळबळ उडाली. दुसऱ्याच दिवशी परिषदेच्या जाहीरनाम्यात सामूहिक संरक्षणाची ग्वाही पुन्हा नोंदविण्यात आली. संरक्षण आणि त्याच्याशी निगडित बाबींवरील खर्च २०३५ पर्यंत सकल उत्पादनाच्या पाच टक्क्यांवर नेण्याचेही ठरले. खळबळ तात्पुरती शमली. ट्रम्प यांच्यावर विक्षिप्तपणाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या एका प्रसंगी त्यांनी जे सांगितले, ते करारनाम्याच्या शब्दांना धरूनच होते.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याआधीच्या वर्षी सोव्हिएत रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली होती, झेकोस्लोव्हाकियात साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली होती. युद्धाने खिळखिळा झालेला पश्चिम युरोप भयभीत होता आणि त्याला अमेरिकेचा हात हवा होता. एकावर हल्ला हा सर्वांवर हल्ला, हे पाचव्या कलमातील वाक्य जगभर सर्वतोमुखी झाले. त्यापुढचे वाक्य मात्र फारसे कोणी वाचत नाही. हल्ला झाल्यास प्रत्येक सदस्य राष्ट्र त्याला ‘आवश्यक वाटेल’ ती कृती करील, असे तेथे लिहिले आहे. त्या कृतीत सशस्त्र बळाचा वापर येऊ शकतो. तो आलाच पाहिजे असे बंधन नाही. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, तो एखाद्या कराराने परस्पर परदेशांच्या हाती देता येणार नाही, असा आग्रह अमेरिकी सिनेटने धरला होता. तेव्हा आज युरोपला जे अचानक उमगले आहे, ते जन्मापासूनच कागदावर होते.

पाचव्या कलमामागून येणारे सहावे कलम अधिक बोलके आहे. हल्ला कोठे झाला तर करार लागू होईल, याची हद्द त्यात आखलेली आहे. सदस्यांचा युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रदेश त्यात आला. उत्तर अटलांटिकमधील बेटे आली, तीही कर्कवृत्ताच्या उत्तरेची. फ्रान्सच्या आग्रहाने आफ्रिकेतील अल्जीरियाचे फ्रेंच विभागही आले. अन्य युरोपीय साम्राज्यांच्या वसाहती मात्र बाहेर राहिल्या. लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांच्या रक्षणासाठी आम्ही एकत्र येत आहोत, असे कराराच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. त्याच प्रस्तावनेखाली सालाझारच्या पोर्तुगालचीही स्वाक्षरी आहे. या देशात ना मुक्त निवडणुका होत्या, ना मुक्त वृत्तपत्रे. परंतु अटलांटिकच्या मध्यावर असलेली अझोर्स बेटे पोर्तुगालकडे होती, आणि अमेरिकी विमानांना तेथे तळ हवा होता. तत्त्वाची किंमत एका धावपट्टीइतकी ठरली.

येथून हा विषय गोमंतकाच्या उंबरठ्यावर येतो. गोव्याचा प्रश्न तापू लागताच लिस्बनने ‘नाटो’चे नाव पुढे करण्यास प्रारंभ केला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा प्रांत आहे, म्हणून त्यावरील आक्रमण हे मित्रराष्ट्रांचेही दुखणे आहे, असा तो युक्तिवाद होता. दिल्लीतही या बागुलबुवाची दखल घेतली जात होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, ती मूठभर तरुण स्वयंसेवकांच्या साहसामुळे. त्यांत आझाद गोमंतक दलाचे वीर होते, संघाचे स्वयंसेवक होते, सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकारही होता. त्यानंतर सालाझारने काय केले? त्याचा वकील १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि आपल्या सैन्यास भारतीय भूमीवरून जाण्याचा हक्क मागू लागला. ज्याच्या पाठीशी खरोखरच बारा-पंधरा राष्ट्रांच्या सेना उभ्या असतात, तो वकिलाची फी कशाला भरील? १९६० च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले.

दरम्यान अमेरिकेची भूमिका कशी होती? १९५५ च्या नोव्हेंबरात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले व गोव्याबाबत त्यांनी भारताची बाजू घेतली. त्याला उत्तर म्हणून डिसेंबरच्या आरंभी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासमवेत संयुक्त निवेदन काढले आणि गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा पूर्वेकडील ‘प्रांत’ असा होईल अशी शब्दरचना केली. अवघ्या साडेतीन महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्टला, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोव्याच्या सीमेवर गोळीबार होऊन वीसहून अधिक भारतीयांनी प्राण गमावले होते. जगन्नाथराव जोशी यांच्यासारखे सत्याग्रही गोव्याच्या तुरुंगात होते. त्या रक्तावर डलेस यांच्या निवेदनात एक शब्द नव्हता. पण न्यायाने बोलायचे तर आपल्याच सरकारनेही त्या बलिदानानंतर सत्याग्रहींच्या पाठीशी सैन्य उभे केले नाही; उलट सत्याग्रहच थांबविला. निर्णयास आणखी सहा वर्षे लागली.

अखेर १७ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्री भारतीय सेना गोव्यात शिरली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा आदेश होता. तो धाब्यावर बसवून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरच्या सायंकाळी शरणागती पत्करली. या दोन दिवसांत ‘नाटो’ने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनशी चौदाव्या शतकापासून चालत आलेल्या मैत्रीची आठवण सालाझारने आधीच करून दिली होती. लंडनने हात वर केले. १८ तारखेला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि भारतीय सैन्य मागे घेण्याचा ठराव आला. तो मांडणारी चार राष्ट्रे होती अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्थान. चारही ‘नाटो’ची सदस्य! ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरोधात चार. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक भारतासोबत उभे राहिले आणि रशियाच्या नकाराधिकाराने ठराव निकालात निघाला. या घटनेतून संयुक्त राष्ट्र संघाच्या मृत्यूला प्रारंभ होऊ शकतो, असा शोक अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाय स्टीव्हन्सन यांनी केला. पण पोर्तुगालच्या मदतीस ना एक जहाज आले, ना एक विमान. पणजी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे, हे सर्वांना सोयीस्कररीत्या आठवले.

ही फसवणूक केवळ सालाझारसारख्या हुकूमशहाच्या वाट्याला आली असती, तर तिचे दुःख मानण्याचे कारण नव्हते. परंतु या संघटनेचा सारा इतिहास याच सुराचा आहे. १९६६ मध्ये द गॉल यांनी फ्रान्सला एकत्रित लष्करी यंत्रणेतून बाहेर काढले. पॅरिसच्या रक्षणासाठी अमेरिका स्वतःची शहरे अणुहल्ल्याच्या तोंडी देईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःची अण्वस्त्रे घडविली. १९७४ मध्ये तुर्कस्थानने सायप्रसमध्ये सैन्य उतरविले तेव्हा ग्रीस आणि तुर्कस्थान हे दोन ‘मित्र’ समोरासमोर उभे ठाकले. संतापलेला ग्रीस लष्करी यंत्रणेतून बाहेर पडला तो १९८० पर्यंत परतला नाही. १९९१ मध्ये वॉर्सा करार संपुष्टात आला आणि ज्या शत्रूसाठी संघटना स्थापन झाली तो शत्रूच उरला नाही. संघटना मात्र टिकली, वाढली. १९९९ मध्ये तिने युगोस्लाव्हियावर अठ्ठ्याहत्तर दिवस बॉम्बवर्षाव केला, तोही सुरक्षा परिषदेच्या अनुमतीवाचून. गोव्याच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे पाठ देणारे तेच देश होते.

पाचवे कलम प्रत्यक्षात आजवर एकदाच वापरले गेले, आणि ते अमेरिकेसाठी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी युरोप पुढे आला. अफगाणिस्तानच्या डोंगरांत ब्रिटिश, कॅनेडियन, फ्रेंच, जर्मन आणि डॅनिश सैनिकांनी प्राण दिले. साठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या डेन्मार्कने चाळीसहून अधिक जवान गमावले. त्याच डेन्मार्कच्या राज्याचा भाग असलेले ग्रीनलंड आम्हाला हवे आहे, अशी उघड भाषा अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२५ पासून केली. हल्लेखोराची धमकी मित्राकडूनच आली तर पाचवे कलम कोणावर चालवायचे, याचे उत्तर १९४९ च्या करारात नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये ‘नाटो’त आले, सदस्यसंख्या बत्तीस झाली, दाराबाहेर ताटकळणाऱ्या युक्रेनला मात्र २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत ‘कधीतरी सदस्य होशील’ एवढेच सांगितले गेले होते. तारीख दिली नव्हती.

पाश्चात्त्यांनाच तेवढे दोष देणेही बरोबर नाही. गोव्यासाठी नकाराधिकार वापरणाऱ्या रशियाने दहा महिन्यांनी, १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा ‘प्रावदा’तून चीनचीच री ओढली. क्युबाचा पेच ऐन रंगात होता आणि मॉस्कोला बीजिंग दुखवायचे नव्हते. अलिप्ततेचा जगभर उद्घोष करणाऱ्या पंतप्रधान नेहरूंना १९ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागाव्या लागल्या. उत्तर येण्यापूर्वीच चीनने युद्धबंदी जाहीर केली. पाकिस्तानची कथा निराळी नाही. ‘सीटो’ आणि ‘सेन्टो’ या दोन्ही करारांत तो सामील झाला, अमेरिकी रणगाडे व विमाने मिळविली. पण १९६५ मध्ये अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखला आणि १९७१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली तरी ढाका वाचले नाही.

चीनला रोखायचे तर भारताने पाश्चात्त्य गोटात शिरावे, असे सुचविणारा एक वर्ग आपल्याकडेही आहे. २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने भारताला ‘नाटो प्लस’मध्ये घेण्याची शिफारस केली तेव्हा या वर्गाला भरते आले होते. ‘नाटो’चा साचा भारताला लागू पडत नाही, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्याच सुमारास स्पष्ट केले. बहुतेकांनी ती शिफारस वाचलीच नव्हती. जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इस्रायल ज्या यादीत आहेत, त्या यादीत पाचवे कलम मुळातच नाही. तिच्यामुळे मिळते ती अमेरिकी शस्त्रे विकत घेण्याची मंजुरी, काहीशी लवकर.