पीक आमचे, जनावर सरकारचे, मांस मातीचे



ज्वारी चिकात आली की घरातला एक माणूस वावरात राहायला जातो. दिवसा फवारणी, रात्री जागल. डबे वाजवायचे, बॅटरी फिरवायची, फटाके फोडायचे, आणि पहाटे तासभर डोळा लागला की तेवढ्यात डुकरांचा कळप ताटे मोडून, कणसे चघळून पसार. डुक्कर खाते थोडे, आडवे पाडते फार. रोह्याचे वेगळे. तो कपाशीचे शेंडे खुडतो, तुरीत आणि हरभऱ्यात उभ्याने चरतो, आणि कळप पळाला की खाल्ल्यापेक्षा जास्त तुडवतो. ज्वारी का सोडली असे विदर्भातल्या कोणत्याही गावात विचारा. भाव नाही, पाखरे आणि डुकरे, हेच उत्तर मिळेल. ज्वारी गेली, कडबा गेला, कडब्यामागे गुरे गेली.

नुकसानभरपाईवर या अंकात आम्ही लिहिणार नाही. पंचनाम्याची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला बोलायचे आहे ते मांसाबद्दल. सभेत हा विषय काढला की माना खाली जातात, मागे कोणीतरी फिदीफिदी हसते, आणि बुजुर्ग म्हणतात, "दुसरं बोला." या लाजेवरच सगळा कारभार चाललेला आहे.

रानडुकराचे मांस ही काही नवी चव नाही. गावठी डुकराला शिवणार नाहीत अशा घरांतही रानडुकराचा रस्सा होत असे. गावात पारध झाली की वाटे पडत. मांस एकच, खाणारा कोण यावर त्याचे नाव बदलते. राजाने मारले तर शिकार. इंग्रज साहेबाने घोड्यावर बसून भाल्याने मारले तर खेळ. मेरठला त्या खेळाच्या चषकाच्या स्पर्धा होत. आणि फासेपारध्याने तेच डुक्कर फाशात धरले तर चोरी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण गावाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. ज्याच्या पोटामुळे आपल्या पिकाची राखण होत होती, त्याला आपणच गावकुसाबाहेर हाकलला, आणि आता रात्रभर डबे वाजवत बसलो आहोत. हे सरकारने केलेले नाही, आपण केले आहे.

सरकारने काय केले तेही पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले. पीक खाणारे जनावर मारण्याची परवानगी वनखात्याला देता येते, ती वाट कलम ११ मध्ये आहे. महाराष्ट्राने २०१५ साली रोही आणि रानडुकरासाठी ती वाट थोडी रुंद केली. पण कलम ३९ वाचा. परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता. धुऱ्यावर मेलेले सापडले तरी सरकारची मालमत्ता. जिवंत असताना त्याने खाल्लेली ज्वारी मात्र आमची! खाताना जनावराला मालक नसतो, मेले की मालक हजर होतो. केरळने २०२२ साली रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत आणला. चांगले केले. पण तिथेही मारलेले डुक्कर खड्डा खणून पुरायचे. आणि बिनपरवाना मारले, शिजवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या धान्यावर पोसलेले चांगले मांस मातीत घालायचे, आणि ज्याच्या धान्यावर ते पोसले त्याच्या पोराच्या ताटात डाळ पातळ. याला कोणते शास्त्र म्हणायचे? आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. तिथे प्रत्येक किडीला आर्थिक नुकसानीची पातळी असते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीची फवारणी करा, असे आकड्यात सांगितले जाते. किती डुकरे आली की पीक गेले म्हणायचे, याचा आकडा आम्हाला कोणी शिकवला नाही.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडलेला नाही. फ्रान्समध्ये सरदारांची कबुतरे शेतकऱ्याचे पेरलेले बी टिपत, सरदारांचे सावज त्याचे पीक खाई, आणि शेतकऱ्याने हात उगारला तर शिक्षा. १७८९ च्या ऑगस्टमध्ये राज्यक्रांतीच्या सभेने सरंजामी हक्क मोडले, त्यात सरदारांचा कबुतरखान्याचा आणि शिकारीचा खास हक्कही मोडला. जर्मनीत १८४८ च्या उठावापासून शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडला गेला. आज तिथे गावातले जमीनमालक एकत्र येऊन शिकारीचा हक्क खंडाने देतात, आणि डुकराने पिकाचे नुकसान केले तर भरपाई सहसा त्या खंडकऱ्याच्या अंगावर येते. मांस तपासून बाजारात विकले जाते.

आणि आपला रोही? तो गेल्या शतकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नेऊन सोडला गेला. आज तिथे हजारोंनी आहे. तिथल्या कायद्यात तो परदेशी जनावर. रानाच्या मालकाच्या परवानगीने बारा महिने मारता येतो. शिकारी मालकाला पैसे मोजतात, आणि रोह्याचे मांस हॉटेलात भारी भावाने खपते. जनावर आपले, कमाई त्यांची. आपल्याकडे त्याच्या पुस्तकी नावात 'गाय' आली, आणि तेवढ्यावर तो पवित्र झाला. खरे म्हणजे शास्त्राच्या वर्गीकरणात तो हरणापेक्षा गाईच्या जवळचा, पण गोठ्यातली गाय नव्हे, रानातले जनावर. आमच्या वऱ्हाडी म्हाताऱ्यांनी त्याला रोही म्हटले तेच बरे होते.

सरकारला लोकांच्या ताटाची केवढी काळजी! २०१५ च्या मार्चमध्ये बैल कापायला बंदी आली आणि भाकड जनावराचा बाजार बसला. त्याच्या आधी काही वर्षे इमूचे वारे होते. जे मांस इथे कोणाच्या बापजाद्यांनी खाल्ले नव्हते, ज्याला तालुक्याला एक गिऱ्हाईक नव्हते, ते पाळा म्हणून शेतकऱ्यांना गळ घातली गेली. कंपन्यांनी पिले विकून पैसे केले, २०१२ च्या सुमारास फुगा फुटला, आणि इमू खुराड्यात उपाशी राहिले. जे कोणी खात नव्हते ते पाळायला सांगायचे, जे खात आलो ते खाल्ले तर तुरुंग दाखवायचा. आणि खायचे काय हे ठरवणार ते लोक, ज्यांना ज्वारीचे कणीस दुकानातल्या पिशवीवरच्या चित्रात भेटते.

आता आक्षेप. पहिला, जंगल रिकामे होईल. हा आक्षेप खोटा नाही. डुक्कर आणि रोही वाघाचेही अन्न आहे, आणि मांसाला भाव आला की चोरटे शिकारी जंगलात शिरतील ही भीती रास्त आहे. म्हणून आमचे म्हणणे वावरापुरते आहे. पेरलेल्या शेतात, पिकाच्या दिवसांत, डुक्कर आणि रोही, एवढेच. चितळ नाही, मोर नाही, ससा नाही, आणि जंगलाच्या हद्दीत एकही जनावर नाही.

दुसरा आक्षेप रोगाचा. रानडुकराच्या मांसात सूक्ष्म जंत असू शकतात, अर्धेकच्चे खाणे धोक्याचे, हे आम्हीही सांगतो. जर्मनीत त्यासाठी प्रत्येक डुकराची तपासणी होते. इथे चोरून खाल्ले जाते म्हणून तपासणीच नाही. आणि चोरून मारण्याची रीत तर फार वाईट: धुऱ्यावर तार ओढून करंट सोडायचा. डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे पाणी सोडायला निघालेला शेजारी किंवा आपलेच पोर मरते. हे करंटचे धंदे आपल्या माणसांनी आजच्या आज बंद केले पाहिजेत. त्यात संघटना कोणाच्या पाठीशी उभी राहणार नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा. वराह विष्णूचा अवतार, रोही गाईची बहीण. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये; माळकऱ्याच्या गळ्यातल्या माळेला आमचा हात लागणार नाही. पण त्याची भावना जपायला दुसऱ्याने आपले पीक का द्यावे?

जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठराव मांडणार आहोत. वावरात परवानगीने मारलेल्या डुकराची आणि रोह्याची मालकी ग्रामसभेकडे यावी. पशुवैद्यकाने तपासून मांसाचे वाटे पडावेत किंवा विक्री व्हावी, आणि आलेल्या पैशात ज्याचे पीक गेले त्याचा पहिला हक्क असावा. जनावर धरण्याचे काम परवाना आणि मजुरी देऊन पारधी समाजातल्या माणसांना द्यावे, चोर म्हणून नव्हे, कामाचे जाणकार म्हणून. यासाठी केंद्राचा कायदा बदलावा लागेल, तेव्हा तहसीलदाराला निवेदन देऊन भागणार नाही. खासदाराला गाठावे लागेल.

येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. गेल्या हंगामात जागलीच्या रात्री किती झाल्या, किती ओळी आडव्या झाल्या, कोणते पीक पेरायचे सोडून दिले. आणि पारध्यांच्या तांड्यावर कोणीतरी जाऊन बैठकीचे आवतण द्यावे. ते आले तर बसायला पुढे जागा ठेवा.