त्या कुत्र्याची बातमी मी अर्धीच लिहिली होती

पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा. यात एक चूक माझीसुद्धा आहे.

मागच्या पावसाळ्यात मी आठ ओळींची एक बातमी दिली होती. ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा बालकावर हल्ला’. नऊ वर्षांचा मुलगा, हाताला चावा, ग्रामीण रुग्णालयात उपचार, नागरिकांत घबराट, बंदोबस्ताची मागणी. झालं. गावातल्या सगळ्या ग्रुपवर बातमी फिरली. संध्याकाळपर्यंत चार पोरं काठ्या घेऊन त्या कुत्र्याला शोधत होती.

त्या आठ ओळींत जे आलं नाही, ते आज लिहितो.

ते कुत्रं मला माहीत होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशेजारी बसायचं. मुलाला चावण्याच्या आठवडाभर आधी पत्रा लागून त्याच्या कानामागं कापलं होतं. दोन बोटांएवढी जखम, नुसती कातडी फाटलेली. मी चहा पिता पिता बघितली. टपरीवाला म्हणाला, “काही होत नाही साहेब, कुत्र्याची जात आहे, चाटून बरं करतंय.” मीही मान डोलावली आणि निघालो.

आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या कानामागं कुत्र्याची जीभ पोचते का? एवढं साधं मला सुचलं नाही.

चार दिवसांनी वास यायला लागला. जखमेत किडे पडले होते. कुणीतरी, दया येऊनच, त्यात फिनेल ओतलं. कुत्रं केकाटत पळालं आणि एका हातगाड्याखाली जाऊन बसलं. रोज त्याला बिस्किट टाकणारा तो मुलगा त्याला बाहेर काढायला खाली वाकला, हात घातला. पुढचं तुम्ही माझ्या बातमीत वाचलं आहे.

काठ्यावाल्या पोरांच्या आधी आमच्या शेजारचे एक काका तिथं पोचले. पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेले. त्यांनी दोरी टाकून, तोंड बांधून कुत्रं धरलं, जखम धुतली, चिमट्यानं किडे काढले आणि स्वतःच्या वाड्यात बांधून ठेवलं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. चावताना त्याच्या लाळेत रेबीज असेल, तर सहसा तेवढ्या दिवसांत ते आजारी पडून मरतं. हे कुत्रं अकराव्या दिवशी भाकरी खात होतं. ते पिसाळलेलं नव्हतं, दुखण्यानं बेजार झालेलं होतं. मुलानं मात्र लस पूर्ण घेतली आणि तेच बरोबर. कुत्र्याचं काय होतंय हे बघत लस थांबवायची नसते. तो मुलगा आज ठीक आहे. दुरुस्तीची बातमी मी दिली नाही. ही पोस्ट तीच दुरुस्ती समजा.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुत्र्याची लहान जखम ही पाच मिनिटांची आणि चिमूटभर मिठाची गोष्ट आहे. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, की तीच जखम पुढं दवाखाना, इंजेक्शन, काठ्या आणि बातमी इथपर्यंत जाते.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसते आणि अंडी घालते. साधारण एका दिवसात त्यातून अळ्या निघतात आणि मांस खात आत जातात. वरून भोक रुपयाएवढं दिसतं, आत पोकळी केवढी असेल सांगता येत नाही. कान, मान, पाठ, शेपटीचं मूळ, म्हणजे जिथं जीभ पोचत नाही तिथल्या जखमा जास्त चिघळतात. आणि जीभ पोचते तिथं कुत्रं सारखं चाटून जखम ओली ठेवतं. म्हणजे चाटून बरं होतं हे दोन्हीकडून चुकीचं.

मग करायचं काय? काकांनी शिकवलं ते सांगतो.

अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. हे पाणी बाटलीत भरा, झाकणाला खिळ्यानं भोक पाडा आणि बाटली दाबून बारीक धारेनं जखम धुवा. माती, केस, घाण निघेपर्यंत. रक्त येत असेल तर आधी स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. मेडिकलमध्ये पोव्हिडोन आयोडिन मिळतं. ते पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. मग दहा मिनिटं भाकरीत गुंतवून ठेवा, म्हणजे लगेच चाटणार नाही. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. जनावरांच्या औषधाच्या दुकानात माशी न बसू देणारा जखमेचा स्प्रे मिळतो, पावसाळ्यात तो जरूर मारा. लहान जखमेला याहून जास्त काही लागत नाही.

काय करायचं नाही, तेही ऐका. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, जळकं ऑइल, चुना, डांबरगोळीची पूड यातलं काहीही नाही. किडे मरतील न मरतील, कुत्र्याचं मांस मात्र नक्की भाजतं, आणि चाटलं की ते विष पोटात जातं. डेटॉल ओतू नका. हळदीवर आपला सगळ्यांचा जीव आहे, पण डब्यातली पूड घाणेरड्या जखमेवर थापली की घाण आत राहते आणि आतलं दिसत नाही. आधी धुणं महत्त्वाचं. आणि घरातल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, पोट, किडनी जाते. डायक्लोफिनॅक गुरांना देऊन आपण गिधाडं संपवत आणली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. माणसाचं औषध जनावराला दिलं की काय होतं, याचं एवढं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे.

घरगुती उपाय कुठं थांबवायचा हेही कळलं पाहिजे. किडे पडलेत, जखम खोल आहे, तोंड उघडं पडलंय, दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, डोळ्याजवळ किंवा पोटाला लागलंय, पू येतोय, कुत्रं खात नाही, किंवा दुसऱ्या कुत्र्यानं चावलंय, तर डॉक्टरच. दातांची भोकं वरून बारीक असतात आणि आत पिशवी होते. शिवाय तिथं रेबीजचा धोका असतो.

स्वतःलाही जपा. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, रोज खाऊ घालणाऱ्यानंच जवळ जायचं, हातमोजे घालायचे. पोरांना तर अजिबात पाठवायचं नाही. चुकून दात लागला, ओरखडा आला, किंवा आपल्या जखमेवर कुत्र्यानं चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मिरची, चुना, तेल लावत बसायचं नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही.

आता कॉमेंटमध्ये येणार, “माणसांना औषधं मिळेनात आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?” रास्त प्रश्न आहे. त्याला माझं उत्तर असं, की हा माणसांचाच विषय आहे. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते, म्हणजे तिला पैसे पडत नाहीत असं नाही. त्या मुलाच्या आईचे चार दिवसांचे रोज बुडाले. मिठाला किती पडले असते?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन तट पडले होते. एक म्हणे सगळी उचला, दुसरे म्हणे हात लावू नका. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती मागत राहायलाच पाहिजे. पण ती गाडी येईपर्यंत आपल्या गल्लीतलं कुत्रं गल्लीतच राहणार आहे. दोन्ही तटांतल्या किती जणांना जखम धुता येते?

नगरपालिकेकडे माझी मागणी छोटी आहे. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक प्रभागातल्या दोन सफाई कामगारांना अर्धा दिवस पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा, हातमोजे आणि स्प्रे द्या. दवाखान्याची वेळ आणि फोन नंबर प्रभागाच्या फलकावर लिहा. याला टेंडर लागत नाही.

माझ्या पत्रकार मित्रांनो, तुम्हालाही सांगतो. ‘पिसाळलेलं’ हा शब्द लिहिण्याआधी एक फोन करा. आधीच्या आठवड्यात त्या कुत्र्याला काय झालं होतं, एवढंच विचारा. मी विचारलंही नव्हतं, आणि मला तर ते माहीतच होतं.

ते कुत्रं अजून टपरीजवळ बसतं. कानामागं केस आलेले नाहीत. टपरीवाल्यानं आता साखरेच्या डब्याशेजारी मिठाची पुडी आणि भोक पाडलेली बाटली ठेवली आहे.

तुमच्या गल्लीत अशी बाटली कोण ठेवणार, त्याचं नाव कॉमेंटमध्ये लिहा. पटलं तर शेअर करा.