बाप्पा दीड फूट, मखर किती?

ऑफिसमधून दमूनभागून आल्यावर रात्री अकराला लॅपटॉप उघडून गणपतीचं मखर डिझाइन करणारी जमात सध्या भलतीच वाढलीय. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा यांची चलती सुरू झाली. घरच्या घरी कमानी-खांब काढायचे, फाइल लेझर कटिंगवाल्याला मेल करायची, शनिवारी तुकडे आणून जोडायचे. झक्कास! फक्त एक काम बहुतेक जण टाळतात. ड्रॉइंगवर मापं टाकायचं.

‘फाइलमध्ये साइज आहेच की!’ असं म्हणाल, तर जरा जित्याला चला. पनवेल-रोहा मार्गावर आपट्यानंतर जिते, मग हमरापूर आणि मग पेण. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांतले बाप्पा याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून येतात. इथे मूर्ती साच्यातून निघते, म्हणजे तिची उंची साच्यानेच ठरवलेली असते. तुमच्या स्क्रीनवर कोपरा धरून ओढला की कमान मोठी होते. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी झालेली मूर्ती अशी ओढता येत नाही, राव! मखरालाच तिच्या मापात बसावं लागतं.

म्हणून बुकिंग करताना ‘दीड फुटाची’ एवढ्यावर थांबू नका. दीड फूट कुठून कुठपर्यंत, ते विचारा. पाटासकट की पाट सोडून? मुकुटापर्यंत की मागच्या प्रभावळीच्या टोकापर्यंत? हातांची रुंदी आणि पुढून मागे किती, तेही टेपने मोजून घ्या. मूर्ती शाडूची असेल, तर वाळताना माती थोडी आकसते, तेव्हा माप वाळलेल्या मूर्तीचंच घ्या. आणि उंचीचा आकडा ही नुसती हौस नव्हे. २०२०च्या कोविडकाळात सरकारने घरच्या मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली, तेव्हा हे आकडे थेट कारखान्यांच्या पोटापाण्याशी येऊन भिडले होते.

आता गंमत बघा. ‘कुठून कुठपर्यंत?’ हाच प्रश्न सॉफ्टवेअरलाही विचारावा लागतो. समजा, तुम्ही इंकस्केपमध्ये चौकोन काढला आणि त्याला ६ मिलिमीटर जाडीची बॉर्डर दिली. बॉर्डरची निम्मी जाडी कडेच्या आत असते, निम्मी बाहेर. म्हणजे दिसणारा चौकोन मूळ आकारापेक्षा ६ मिलिमीटरने रुंद. कुठलं माप दाखवायचं ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. कटिंगसाठी मूळ आकाराचंच माप हवं, कारण मशीन रेषेच्या मधोमध चालतं.

दुसरा झोल जुन्या फाइल्सचा. इंकस्केप पूर्वी एका इंचात ९० पिक्सेल धरायचं. २०१७मध्ये आलेल्या ०.९२पासून ते ९६ धरतं. जुनी फाइल उघडल्यावर ते स्केल बदलायचं का, असं विचारतं. आपण घाईत भलतंच बटण दाबलं, तर १८ इंचांची उंची १६.८७५ इंच होऊन बसते. इंचभराहून जास्त गायब! ड्रॉइंगवर ‘४५७ मिमी’ लिहिलेलं असेल, तर कटिंगवाला फाइल उघडताक्षणी विचारेल, ‘साहेब, हे जुळत नाहीये.’ नसेल, तर तो बिचारा आहे तसं कापून देईल.

मापं टाकायची कशी? आकडे हाताने टाइप करू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नंतर कमान दोन सेंटिमीटरने वाढवाल आणि आकडा जुनाच राहील. कोरलड्रॉमध्ये डायमेन्शन टूल आहे. एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर ओढलं की बाण आणि आकडा तयार. आकार बदलला की आकडाही बदलतो. इलस्ट्रेटरमध्ये असं टूल थेट २०२४मध्ये आलं! इंकस्केप फुकट आहे आणि २०२०च्या १.० आवृत्तीपासून त्यात ‘मेझर सेगमेंट्स’ हा पाथ इफेक्ट आहे. तो प्रत्येक बाजूवर माप दाखवतो आणि आकार बदलला की आकडाही बदलतो. त्यातल्याच मेझर टूलने टाकलेला आकडा मात्र नुसतं अक्षर होऊन बसतो, तो बदलत नाही.

आणखी तीन टिप्स. एक, मापांना स्वतंत्र लेयर द्या आणि कटिंगच्या फाइलमध्ये तो बंद करा, नाहीतर लेझर तुमचे आकडे आणि बाणही इमानेइतबारे कापून देईल. मापांसकटची पीडीएफ सोबत वेगळी पाठवा. दोन, एकच एकक ठेवा. मूर्ती इंचात, प्लाय मिलिमीटरमध्ये आणि घरचे ‘वीतभर’ म्हणणारे, या गोंधळात सगळं मिलिमीटरमध्ये आणा (१ इंच म्हणजे २५.४). तीन, खाचेत खाच बसवायची असेल, तर ‘३ मिमी’च्या शीटवर विश्वास ठेवू नका. प्रत्यक्ष जाडी मोजा आणि आधी एक छोटा तुकडा कापून बघा. लेझरची रेषसुद्धा थोडं मटेरियल खातेच.

हे सगळं करायला किती वेळ लागतो? फार तर अर्धा तास. चतुर्थीच्या आदल्या रात्री मुकुट कमानीला अडकला, तर मूर्ती बदलून मिळत नाही आणि लेझरवाल्याचं दुकानही बंद झालेलं असतं. तेव्हा या वीकेण्डला आधी कारखानदारांना फोन लावा आणि मूर्तीची उंची, रुंदी, खोली लिहून घ्या. कमानीच्या नक्षीचं नंतर बघू.